सुरक्षेसाठी लावलेलं लग्न: बालविवाह आणि हिंसा यांची गाठ

“दिवस वाईट आहेत. एकदा हिचं लग्न लावून दिलं, की आम्ही सुटलो.”

हे बोलणारा बाप दुष्ट असतो असं गृहीत धरलं, तर या विषयातलं काहीच कळत नाही. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. मुलगी वयात आलीय, शाळा लांब आहे, वाटेवर टवाळ पोरं उभी असतात, ओळखीतल्या कुणा मुलीच्या बाबतीत काहीतरी वाईट घडलंय, आणि चोवीस तास तिच्या मागे-पुढे राहणं कुणालाच शक्य नाही. आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. अशात एखादं स्थळ चालून येतं आणि घरातल्यांना वाटतं, चला, पोरीला हक्काचा राखणदार मिळाला.

मला या वाक्याचा राग येतो, पण त्याहून जास्त त्यामागच्या चुकलेल्या हिशेबाचं वाईट वाटतं. हिंसेच्या भीतीने लग्न लावलं जातं आणि मुलगी जिथे जाऊन पडते तिथे हिंसेचा धोका आणखी वाढलेला असतो. आगीतून फुफाट्यात. हा हिशेब नेमका कुठे चुकतो, ते जरा उलगडून पाहू.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. रस्त्यात पाकीट मारताना चोराने एखाद्या बाईला ढकललं, तर तो गुन्हा आहे. पण तिच्या जागी पुरुष असता तरी त्याने ढकललंच असतं. ‘न विचारता बाहेर का गेलीस’ म्हणून नवऱ्याने थोबाडीत मारली, तर मामला वेगळा. त्या थपडेमागे एक समजूत आहे: विचारणं तिचं काम, परवानगी देणं त्याचं, आणि चुकल्यास शिक्षा करण्याचा हक्कही त्याचाच. बाई किंवा मुलगी असल्यामुळे, किंवा बाईपुरुषपणाच्या ठरावीक साच्यात बसत नसल्यामुळे जी हिंसा वाट्याला येते, तिला लिंगाधारित हिंसा म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ सालच्या जाहीरनाम्याने महिलांवरील हिंसेत शारीरिक, लैंगिक आणि मानसिक अशी तिन्ही प्रकारची इजा धरली आहे, आणि ती घरात होवो, समाजात होवो की सरकारी यंत्रणेकडून, हिंसाच मानली आहे. म्हणजे अंगावर वळ दिसलाच पाहिजे असं नाही. शाळा बंद करणं, कमाई काढून घेणं, माहेरी बोलू न देणं, सतत धाकात ठेवणं हे सगळं त्यात आलं.

बालविवाह म्हणजे दोघांपैकी एक जरी अठरा वर्षांखालचं असेल तर ते लग्न. विधी झालेत की नाही, नोंद झाली की नाही, याने फरक पडत नाही. लग्न न लावता नवराबायकोसारखं एकत्र ठेवलं असेल तरी ते यातच मोजतात. युनिसेफच्या २०२३ सालच्या अंदाजानुसार आज जगात सुमारे ६४ कोटी मुली आणि बाया अशा आहेत ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं. दरवर्षी त्यात साधारण १ कोटी २० लाख मुलींची भर पडते. या ६४ कोटींतल्या जवळपास निम्म्या दक्षिण आशियात आहेत, आणि एकट्या भारतात जगातल्या एक तृतीयांश. मुलग्यांचीही लग्नं लहानपणी होतात आणि त्यांचंही नुकसान होतं, पण मुलींमधलं हे प्रमाण साधारण सहापट आहे. शिवाय लहान नवरा आपल्याच घरात राहतो. लहान नवरीला मात्र बहुतेक समाजांत घर सोडावं लागतं. पुढचं सगळं या एका फरकातून सुरू होतं.

‘हो’ कुणी म्हटलं?

बालविवाहामुळे हिंसा होते, असं आपण सहज म्हणतो. ते खरं आहे, पण अपुरं आहे. मुळात ते लग्नच हिंसा आहे, असं आंतरराष्ट्रीय कायद्याचं आता म्हणणं आहे. बायकांच्या हक्कांवर आणि बालहक्कांवर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या दोन समित्यांनी २०१४ साली एकत्र येऊन सांगितलं, की बालविवाह हा सक्तीच्या विवाहाचाच प्रकार मानला पाहिजे, कारण दोघांपैकी निदान एकाची तरी पूर्ण, मोकळी आणि समजून-उमजून दिलेली संमती त्यात नसते.

संमती हा शब्द ऐकायला जड वाटतो, पण त्याची परीक्षा सोपी आहे. तेरा वर्षांच्या मुलीला विचारलं आणि तिने मान डोलावली. आता तिला आणखी तीन गोष्टी विचारा. कशाला हो म्हणालीस ते तुला माहीत आहे का? म्हणजे नुसते नवे कपडे आणि पाहुण्यांची गर्दी नव्हे, तर रोजची रात्र, गरोदरपण, दुसऱ्याच्या घरातली कामं. नाही म्हणायची सोय होती का? आणि नाही म्हटलं असतंस, तर आज रात्री कुठे झोपली असतीस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नसतं. ज्यांच्या छपराखाली ती राहते, तेच लग्न ठरवत असतात. अशा वेळी डोलावलेल्या मानेला होकार म्हणणं हा मोठ्या माणसांनी स्वतःच्या मनाला दिलेला दिलासा आहे.

लग्नानंतर जो शरीरसंबंध येतो, त्याला तर कुणी विचारतही नाही. इथे कायद्याचीच एक जुनी खोड आडवी येते. बाहेरच्या पुरुषाने केलं तर बलात्कार, नवऱ्याने केलं तर संसार.

१८९० साली कलकत्त्यात एक खटला उभा राहिला. फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगात झालेल्या जखमांनी रक्तस्राव होऊन मेली होती. नवरा हरी मोहन मैती वयाने तिच्यापेक्षा कितीतरी मोठा. तेव्हाच्या दंडसंहितेत दहा वर्षांवरच्या पत्नीशी केलेला संभोग बलात्कारात मोडत नव्हता. त्यामुळे बलात्काराचा आरोप त्याला लागूच झाला नाही. निष्काळजीपणे गंभीर दुखापत केली म्हणून वर्षभराची सक्तमजुरी झाली. ती मुलगी दहाच्या आत असती तर कायद्याने त्या कृत्याला त्याचं खरं नाव दिलं असतं. वयाच्या थोड्याशा फरकाने ते नाव हुकलं. या प्रकरणाने खळबळ माजली आणि १८९१ साली संमतीचं वय दहावरून बारावर गेलं.

हे फार जुनं वाटत असेल, तर पुढचं वाचा. भारतात २०१३ पासून संमतीचं वय अठरा झालं होतं, पण विवाहित मुलीसाठी ते पंधराच ठेवलं होतं. म्हणजे सोळा वर्षांच्या दोन मैत्रिणी, एकीचं लग्न झालेलं, एकीचं नाही. दोघींच्या बाबतीत तेच घडलं, तर एकीसाठी तो गुन्हा आणि दुसरीसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी हा भेद काढून टाकला आणि अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असं स्पष्ट केलं. सज्ञान पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला असलेली सूट मात्र अजून तशीच आहे.

याहूनही वाईट एक तरतूद कित्येक देशांच्या कायद्यात होती: बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं, की शिक्षा माफ. मुलीची ‘अब्रू’ वाचावी म्हणून. इटलीत १९६५ च्या अखेरीस सिसिलीतल्या फ्रांका व्हिओला या सतरा वर्षांच्या मुलीला एका तरुणाने पळवून नेलं, तिच्यावर अत्याचार केला, आणि रिवाजाप्रमाणे लग्नाला तयारही झाला. फ्रांका आणि तिच्या वडिलांनी नाही म्हटलं. गावाने त्या कुटुंबाला वाळीत टाकलं, पण खटला उभा राहिला आणि तो तरुण तुरुंगात गेला. ते कलम मात्र १९८१ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होतं. मोरोक्कोत अमिना फिलाली या सोळा वर्षांच्या मुलीला तिच्यावर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या माणसाशीच लग्न करावं लागलं. २०१२ साली तिने उंदराचं औषध खाऊन जीव दिला. लोक रस्त्यावर उतरले आणि २०१४ साली ती तरतूद रद्द झाली. जॉर्डन, लेबनॉन आणि ट्युनिशिया यांनी आपापली कलमं २०१७ साली काढली.

हा प्रकार मागासलेल्या मुलखातलाच, असं कुणाला वाटू नये. अमेरिकेतल्या फ्लोरिडात शेरी जॉन्सन हिचं लग्न १९७१ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिच्यावर बलात्कार करणाऱ्या माणसाशीच लावून दिलं होतं. त्याच शेरीच्या लढ्यातून २०१८ साली फ्लोरिडाचा कायदा बदलला. त्याच वर्षी डेलावेअर हे अठराच्या आतल्या लग्नावर सरसकट बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. तोवर तसं एकही राज्य नव्हतं.

या सगळ्या कहाण्यांत लग्न नेमकं काय करतं बघा. घडलेल्या हिंसेवर ते पांघरूण घालतं, आणि ती रोज घडायची परवानगीही देतं.

उंबऱ्याच्या आत

आता समजा, एक पंधरा वर्षांची मुलगी आहे आणि तिचा नवरा चोवीस वर्षांचा आहे. तो रोज मारतो, असं मी म्हणत नाही. तो बरा माणूस आहे, असंच धरू. तरीही तिच्या दिवसाकडे नीट पाहा.

घरात फोन आहे, तो त्याच्याकडे. आईशी बोलायचं तर त्याच्या समोर. पैसे त्याच्या किंवा थोरल्यांच्या हातात. घर कुणाच्या नावावर आहे ते तिला माहीत नाही. आपल्या नावावर नाही, एवढं माहीत आहे. शाळा सुटली तेव्हा मैत्रिणीही सुटल्या. या गावात तिला ओळखणारा प्रत्येक माणूस नवऱ्याकडून ओळखतो. ताप आला तरी दवाखान्यात न्यायचं की नाही ते दुसरं कुणीतरी ठरवतं. तिने कधी नोकरी केलेली नाही, बँकेत गेलेली नाही, एकटीने प्रवास केलेला नाही. तिचा नवरा नऊ वर्षं जास्त जगलाय, आणि तीही नेमकी ती वर्षं, ज्यांत माणूस जगात वावरायला शिकतो.

आता एक दिवस त्याचा हात उठला. ती काय करू शकते?

बालविवाह आणि घरातली हिंसा यांच्यातला दुवा याच प्रश्नात आहे. मारणारे पुरुष सगळ्या वयाच्या बायकांच्या वाट्याला येतात. पण तिशीतल्या, कमावत्या, आपली माणसं जवळ असलेल्या बाईसमोर दोन-चार तरी वाटा असतात. या मुलीच्या सगळ्या वाटा लग्नाने आधीच बंद केलेल्या असतात, आणि तिच्याकडे वाटा नाहीत हे मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं आपण म्हणतो. इथे तोंड दाबायचं काम लग्नाच्या दिवशीच होऊन जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मांडलेला अंदाज असा: ज्या पौगंडवयीन मुली कुणा पुरुषाशी लग्नाच्या किंवा तशाच नात्यात राहिल्या आहेत, त्यांच्यातल्या जवळपास एक चतुर्थांश मुलींना वयाची वीस वर्षं पुरी व्हायच्या आत त्या जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते. ही संख्या सुमारे १ कोटी ९० लाख होते. अठराच्या आतल्या लग्नाने हा धोका बराच वाढतो, असं सांगताना संघटनेने जी कारणं दिली आहेत, ती वरच्या मुलीच्या दिवसातलीच आहेत: वयातल्या अंतरामुळे सत्तेत पडणारं अंतर, पैशासाठीचं परावलंबन आणि एकटं पडणं.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. अनेक देशांत घरोघरी जाऊन जी मोठी आरोग्य सर्वेक्षणं होतात, त्यांत बायकांना विचारतात: बायकोने स्वयंपाक करपवला, न सांगता बाहेर गेली, नवऱ्याशी हुज्जत घातली, मुलांकडे लक्ष दिलं नाही किंवा संबंधाला नकार दिला, तर नवऱ्याने तिला मारणं योग्य आहे का? कित्येक देशांत हो म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण छाती दडपून टाकणारं असतं, आणि त्यांत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलीही असतात. चौदाव्या वर्षी ज्या घरात पाऊल टाकलं तिथे मार हा दिनक्रम असेल, तर तुलना करायला दुसरं जग त्या मुलीने पाहिलेलंच नसतं. तिला तक्रार करायची नसते असं नाही. तक्रार करण्यासारखं काही घडतंय, हेच कुणी तिला सांगितलेलं नसतं.

शरीराचंही सांगायला हवं. लग्न झालं की मूल कधी, हा प्रश्न लगेच सुरू होतो. दहा ते एकोणीस वयातल्या आयांना झटके आणणारा गरोदरपणातला रक्तदाब, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका विशीतल्या आयांपेक्षा जास्त असतो. कंबरेचं हाड पुरतं वाढलेलं नसताना कळा सुरू झाल्या आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही, तर बाळ दिवसेंदिवस अडकून राहतं. त्याच्या डोक्याच्या दाबाने मूत्राशय आणि योनी यांच्यामधला नाजूक भाग मरतो आणि तिथे भोक पडतं. त्यानंतर लघवी सतत गळत राहते. याला फिस्टुला म्हणतात. बाळ बहुतेक वेळा दगावलेलं असतं. अंगाला वास येतो म्हणून मुलीला कोपऱ्यात झोपवतात, मग परत पाठवतात, कधी टाकूनच देतात. शस्त्रक्रियेने हे बरं होऊ शकतं, पण ते तिला कुणी सांगायला हवं. ही जखम वैद्यकीय म्हणून नोंदली जाते. मला मात्र ती हिंसेचीच जखम वाटते, फक्त ती करणारा हात एकट्याचा नसतो.

भीतीचा धंदा

आता उलट बाजू, म्हणजे हिंसेतून बालविवाह कसा जन्मतो ते.

सीरियात युद्ध पेटल्यावर लाखो लोक शेजारच्या जॉर्डनमध्ये निर्वासित म्हणून आले. तिथे नोंदल्या गेलेल्या सीरियन लोकांच्या लग्नांत अल्पवयीन मुलींच्या लग्नांचं प्रमाण २०११ साली १२ टक्के होतं. २०१३ साली ते २५ टक्क्यांवर गेलं आणि २०१४ च्या पहिल्या तीन महिन्यांत ३२ टक्क्यांवर. ही माणसं तीच होती. त्यांच्या चालीरीती तीन वर्षांत बदलल्या नव्हत्या. बदललं होतं ते भोवतालचं जग: तंबूत दार नाही, शौचालय लांब, अंधार, अनोळखी पुरुष, काम नाही, शाळा अनिश्चित. एवढं एकच उदाहरण ‘ही त्यांची परंपराच आहे’ या समजुतीला पुरून उरतं. परंपरा असते, पण तिच्यात प्राण फुंकण्याचं काम भीती आणि गरिबी करतात. युद्ध, पूर, महामारी असं काही आलं की अनेकदा मुलींच्या लग्नाचं वय खाली घसरतं. कोविडच्या काळात युनिसेफने इशारा दिला होता, की या संकटामुळे दहा वर्षांत आणखी १ कोटी मुली बालविवाहाच्या धोक्यात येऊ शकतात.

पैशाचा धागा किती घट्ट आहे, हे दाखवणारं एक संशोधन मला नेहमी आठवतं. अर्थशास्त्रज्ञांनी दुष्काळ आणि बालविवाह यांची सांगड घालून पाहिली. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, जिथे नवऱ्याकडचे मुलीच्या बापाला पैसे किंवा गुरं देतात, तिथे दुष्काळात बालविवाह वाढले. भारतात, जिथे मुलीच्या बापाला हुंडा द्यावा लागतो, तिथे दुष्काळात ते कमी झाले. पाऊस तोच हुकला, पण देण्याघेण्याची दिशा उलटी म्हणून परिणामही उलटा. मुलीच्या लग्नाची तारीख ठरवताना तिची तयारी कुणी बघत नव्हतं, घरातली चणचण बघत होते. दोन्हीकडे तिचं लग्न हा घरच्या जमाखर्चातला एक आकडा होता. आणि ज्या माणसाची किंमत मोजून झालीय, त्याच्यावर मालकी सांगणं सोपं जातं.

भीतीत आणखी एक भेसळ असते, अब्रूची. मुलीवर अत्याचार होईल ही भीती आणि मुलगी स्वतःच्या मनाने कुणावर प्रेम करेल ही भीती, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी घरात एकाच वाक्यात बोलल्या जातात: “काही झालं तर?” पहिली भीती मुलीच्या जिवाची आहे. दुसरी तिच्या मर्जीची. दोन्हींवर एकच औषध काढलं जातं. म्हणून ‘सुरक्षेसाठी लग्न’ असं कुणी म्हटलं, की मला विचारावंसं वाटतं, सुरक्षा नक्की कशाची?

काही ठिकाणी तर पळवून नेणं हाच लग्नाचा मार्ग होता. इथिओपियात १९९६ साली अबेराश बेकेले या चौदा वर्षांच्या मुलीला शाळेतून परतताना घोड्यांवरून आलेल्या पुरुषांनी उचललं. ज्याला तिच्याशी लग्न करायचं होतं त्याने तिच्यावर बलात्कार केला. ती बंदूक घेऊन पळाली आणि पाठलागावर आलेल्या त्याला तिने गोळी घातली. न्यायालयाने स्वसंरक्षण मान्य करून तिला सोडलं. तिचा अपराध काय, तर ती शाळेतून घरी चालली होती.

कायदा, आणि कायद्याच्या पलीकडचं

लग्नाचं वय अठरा करा, हे तर हवंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते २०२३ साली झालं, सिएरा लिओनमध्ये २०२४ साली. पण कायदा काय करू शकतो याचा एक धडा रुखमाबाईंच्या खटल्यात आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रुखमाबाई मोठ्या झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी रुखमाबाईंच्या बाजूने कौल दिला, पण तो अपिलात उलटला, आणि १८८७ साली आदेश आला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी कळवलं, तुरुंगात जाईन. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. हे त्यांना जमलं त्याचं कारण मला त्यांच्या धैर्याइतकंच त्यांच्या घरात दिसतं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी उभे होते. राहायला छप्पर होतं, वाचायला पुस्तकं होती. ‘दिल्या घरी सुखी राहा’ असं सावत्र वडिलांनी त्यांना म्हटलं नाही.

नुसत्या शिक्षेच्या धाकाचे उलटे परिणामही होतात, ते लपवून चालणार नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या पसंतीच्या मुलाबरोबर निघून गेली, तर तेच कायदे तिला घरी ओढून आणायला वापरले जातात, आणि जबरदस्तीने लावलेल्या लग्नात मात्र तक्रार करायला कुणी पुढे येत नाही, कारण सगळे मांडवात हजर असतात. अल्पवयीन गरोदर मुलीची माहिती पोलिसांना देणं डॉक्टरवर बंधनकारक असेल, तर नवरा तुरुंगात जाईल या धास्तीने तिला दवाखान्यातच आणत नाहीत. जिला सगळ्यात जास्त उपचार हवेत, तीच लपवली जाते. कायदा नको असं मी म्हणत नाही. कायद्याबरोबर राहायला जागा, शिक्षण आणि हाती थोडे पैसे आले नाहीत, तर मुलीला त्या कायद्याचा उपयोग होत नाही, एवढंच.

काय उपयोगी पडतं, याबद्दल आता बरंच माहीत आहे. सगळ्यात वर माध्यमिक शाळा. शाळेत असलेली मुलगी मूल मानली जाते आणि शाळा सुटलेली मुलगी बाई मानली जाते. घरोघरी हा नियम कुणी न लिहिता पाळला जातो. म्हणून शाळेची वाट सुरक्षित करणं, शाळेत दाराला कडी असलेलं शौचालय असणं, वस्तीजवळ वरचे वर्ग असणं, ही बालविवाह रोखण्याचीच कामं आहेत. इथिओपियाच्या अम्हारा भागात २००४ ते २००६ या काळात एक प्रयोग झाला. मुलींचे गट जमवले, शाळेच्या साहित्याला मदत केली, घरच्यांशी बोलणं चालू ठेवलं, आणि त्या काळात मुलीचं लग्न लावलं नाही तर कुटुंबाला एक मेंढी किंवा बकरी दिली. दहा ते चौदा वयोगटात लग्नं होण्याची शक्यता तिथे तुलनेसाठी घेतलेल्या भागाच्या मानाने जवळपास एक दशांशावर आली. पंधराच्या पुढच्या मुलींवर मात्र तसा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. काम लवकर, अगदी दहाव्या वर्षापासून सुरू करावं लागतं.

मलावीत डेड्झा जिल्ह्यातल्या पारंपरिक प्रमुख थेरेसा काचिंदामोटो यांनी वेगळी वाट धरली. हाताखालच्या गावप्रमुखांकडून त्यांनी लिहून घेतलं, की आमच्या गावात बालविवाह होणार नाही, झालेले मोडले जातील. ज्यांनी डोळेझाक केली त्यांना पदावरून दूर केलं. आठशेहून जास्त बालविवाह त्यांनी रद्द करवले आणि मुलींना शाळेत परत पाठवलं. मोठी माणसं लग्न लावू शकतात, तशी ती मोडूही शकतात.

या सगळ्या चर्चेत एक मुलगी नेहमी मागे राहते: जिचं लग्न होऊन गेलंय. मोहिमा, भिंतीवरचे फलक, शपथा, सगळं लग्न ‘रोखण्या’बद्दल असतं. अक्षता पडल्या की तिच्यातला सगळ्यांचा रस संपतो. शाळेच्या दृष्टीने ती गळालेली, बालकांच्या योजनांच्या दृष्टीने ती बाई, आणि बायकांच्या योजनांच्या दृष्टीने ती अजून लहान. तिला परत शाळेत बसता यायला हवं, पोटात मूल असलं तरी. मूल लांबवण्याची साधनं कुणाची परवानगी न घेता मिळायला हवीत. लग्न रद्द करून घ्यायची सोय कायद्यात असेल, तर ती तिला तिच्या भाषेत कुणी सांगायला हवी, आणि त्यानंतर राहायचं कुठे, हेही.

आणि त्याआधी कुणीतरी तिच्याशी बोलायला हवं. दवाखान्यात ती येते तेव्हा एकटी नसते. सोबत सासू किंवा नवरा असतो. नर्स विचारते, वय किती? सोबतचं माणूस सांगतं, एकोणीस. काय होतंय? सोबतचं माणूस सांगतं, चक्कर येते. हातावर हे काय लागलंय? पडली. मुलगी जमिनीकडे बघत असते. चांगली नर्स अशा वेळी पेन खाली ठेवते, सोबतच्या माणसाला म्हणते, तुम्ही जरा बाहेर बसा, मला हिला तपासायचंय. दार लावून घेते, स्टूल जवळ ओढते, आणि तेच तीन प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारते. मग गप्प बसते, आणि मुलगी बोलेपर्यंत थांबते.